चार गाठींची पिशवी

संचालकबाईंनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि त्यावर पेनही ठेवलं. कागदावर एकच ओळ होती : 'उतारावरील चार नमुन्यांची प्रयोगशाळेत अदलाबदल झाली आहे.' खाली माझं पद, तारखेची जागा आणि सहीची जागा.

"सही करा, म्हणजे विषय संपेल," बाई म्हणाल्या. "महिनाभरात निवृत्त होताय. उगाच चौकशी, मेमो, कशाला हवंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं मी या संस्थेच्या माती प्रयोगशाळेत आहे. माती पिशवीतून येते, मी ती वाळवतो, कुटतो, चाळतो, आम्लात विरघळवतो आणि यंत्राला लावतो. त्यात लोखंड किती, चुना किती, ते यंत्र सांगतं. एकतीस वर्षांत इकडची पिशवी तिकडे झालेली नाही. माझी दुसरी काही कमाई नाही. मला कुणी पुरस्कार दिलेला नाही, परदेशी पाठवलेलं नाही, साधी चांगली खुर्ची दिलेली नाही. पण 'त्यांच्याकडून आकडा आलाय ना, मग बरोबरच असणार' हे वाक्य या इमारतीत सगळे म्हणतात. आता जाता जाता त्यावरच बोळा फिरवायचा?

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "अदलाबदल झालेली नाही."

"मग हे काय आहे?" असं म्हणून बाईंनी दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले.

भांडण त्या तक्त्यांचंच होतं. शहराबाहेर झाडीनं भरलेला एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका ओळीत चार खड्डे घ्यायचे आणि उतारावरच्या जागेप्रमाणे माती कशी झिजते ते पाहायचं, असं ते काम. एकोणीस वर्षांपूर्वी हे काम एकदा झालं होतं. बाई तेव्हा नवख्या होत्या. त्या अहवालावरच त्यांचं नाव झालं आणि त्या या खुर्चीपर्यंत आल्या. त्यातले आकडे मीच काढलेले : माथ्यावरच्या मातीत लोखंड शंभरात चार भागांहून जास्त, पायथ्याशी एक भागसुद्धा नाही. पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं. माथ्यावर पावसाचं पाणी सरळ खाली मुरतं, क्षार धुऊन नेतं, लोखंड मागे राहतं, माती लाल होते. पायथ्याशी पाणी साचतं, माती गुदमरते, लोखंड विरघळून निघून जातं, माती राखाडी पडते. इतकी वर्षं ऐकून मला ते तोंडपाठ झालंय.

या वर्षी तेच काम पुन्हा झालं आणि आकडे आले बरोबर उलटे. माथ्यावर लोखंड नावाला, पायथ्याशी भरपूर. चारही खड्ड्यांचा क्रम उलटा केला की जुना तक्ता जसाच्या तसा. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी!

"शुक्रवारपर्यंत सही तरी करा, नाहीतर सिद्ध तरी करा," बाई म्हणाल्या.

माती आणणारी संशोधक मुलगी बाहेरच उभी होती. हिला मी मनातल्या मनात घाईताई म्हणतो. चालते तीही पळाल्यासारखी, आणि चहा पिते तो तोंड भाजून.

"काका, पिशव्या मीच भरल्या. बदललेल्या नाहीत, शपथेवर सांगते."

"मग तुझी वही दाखव ना बाईंना! खड्ड्यात उभं राहून मातीचा रंग लिहितात ना तुम्ही?"

तिनं मान खाली घातली. "त्या दिवशी पाऊस आला, वही भिजली. रंग मी खोलीवर येऊन लिहिले. पिशव्यांत बघून."

मी कपाळावर हात मारला. पिशव्यांत बघून लिहिलेली वही पिशव्यांसाठी साक्ष कशी देणार? खड्डेही आता नव्हते. वनखात्याचा नियम, खणलं की त्याच दिवशी बुजवायचं.

"अगं, पिशव्या उलट्या करणारे लोक मी पाहिलेत, म्हणून विचारतोय," मी म्हणालो आणि तिला गाठीवाल्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी एकोणीस वर्षं सांगत आलोय, आणि लोक हसत आलेत.

त्या पहिल्या कामाला खड्डे खणणारा रोजंदारीवरचा एक माणूस होता. तेव्हाच्या साहेबांचे गुडघे दुखायचे, ते खालीच गाडीत बसायचे. हा एकटा वर जाऊन खणायचा आणि माती आणायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पिशवीच्या सुतळीला गाठी मारायचा. माथ्याच्या पिशवीला एक गाठ, पायथ्याच्या पिशवीला चार. पिशव्या माझ्याकडे आल्या तर एका गाठीच्या पिशवीत माती राखाडी आणि चार गाठींच्या पिशवीत लालसर! मी तिथल्या तिथे ओळखलं की गड्यानं खालून मोजायला सुरुवात केली. तो आपला म्हणत राहिला, "नाही साहेब, वर राखेसारखीच आहे." मी साहेबांना म्हणालो, "याला चारपर्यंत मोजता येत नाही आणि आपण याच्या भरवशावर विज्ञान करतोय." साहेब पोट धरधरून हसले. गाठीवाल्याला पुन्हा कामावर बोलावलं नाही.

"आता तो समोरच्या मालवाहू गाड्यांच्या तळावर फाटक उघडायला बसतो," मी घाईताईला म्हणालो. "येता-जाता मी विचारतो, 'काय रे, मोजल्यास का चार गाड्या?' बिचारा हसतो."

घाईताई हसली नाही. तिला घाईत विनोदही कळत नसतील, असं मला वाटलं.

घरी आलो तो भांडी आपटतच. आमची ही शांतपणे शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कधी गेलायत का त्या डोंगरावर?"

"मी कशाला जाऊ? माती माझ्याकडे येते."

"दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मातीतलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. डब्यावर 'साखर' लिहिलंय म्हणून मागे चहात मीठ घातलंत आणि मलाच म्हणालात, डबा चुकीचा भरलास. चाखून बघावं, हे काही सुचलं नाही."

मी तणतणतच जेवलो. पण सकाळी घाईताईला फोन केला, "चल, खणू पुन्हा."

परवानगीसाठी वनखात्याच्या कचेरीत एक अख्खा दिवस गेला. ज्याची सही हवी तो जेवायला गेलेला, तो आला तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आणि तो दुसरा जेवायला गेलेला. गुरुवारी सकाळी एकदाचे आम्ही डोंगर चढायला लागलो. माझं वय सत्तावन्न, बूट ऑफिसचे, खांद्यावर कुदळ. घाईताई फावडं घेऊन शेळीसारखी पुढे. दर वळणावर थांबून विचारायची, "काका, बसायचं का?" आणि दर वळणावर मी 'नाही' म्हणायचो. अंगात बळ नव्हतं, राग होता. त्या रागानंच मला वर नेलं.

माथ्यावर खडकाचे काळे उघडे पट्टे होते आणि त्यांना लागून झाडं. तिच्या जुन्या खड्ड्यापासून दोन पावलांवर मी कुदळ मारली. आधी सडक्या पानांचा जाड थर निघाला, काळा, ओला, आंबट वासाचा. त्याखाली चार बोटं काळी माती. आणि त्याखाली राखाडी. चुलीतली राख पाण्यात कालवावी तशी. मी आणखी एक घाव घातला आणि कुदळ खणकन वाजली. हातभर खोलीवर अखंड खडक.

मी वाकून ती माती बोटांत चोळली. एकतीस वर्षं माती हाताळतोय, पण वाळलेली, कुटलेली, पिशवीतली. जागेवरची ओली माती पहिल्यांदाच हातात घेत होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

"बघितलंत ना काका? राखाडीच आहे!" घाईताई नाचायचीच बाकी होती. मग तिनं आपली पाण्याची बाटली उघडली आणि खड्ड्याच्या वरच्या कडेला ओतली. पाणी मातीत शिरलं, खडकापर्यंत गेलं. तिथे थोडं थांबलं. मग खड्ड्याच्या खालच्या भिंतीत, खडकाला चिकटून, आडवं शिरू लागलं.

"खाली जायला वाटच नाही," ती म्हणाली. "पुस्तकातलं पाणी सरळ खाली मुरतं, कारण पुस्तकातल्या डोंगरावर माती खोल असते. इथे खडक हातभरावर. मग पाणी आडवं धावतं, उताराकडे. आणि पानांतून आलेलं असतं, आंबट. ते मातीतलं लोखंड सोडवून घेतं आणि सोबत नेतं. दर पावसात, हजारो वर्षं. मागे राहते ही राख."

"आणि लोखंड?"

"चला, दाखवते."

पायथ्याजवळ आम्ही आळीपाळीनं खणलं. तिथे कुदळ वाजलीच नाही. कमरेइतका खड्डा झाला तरी माती संपेना, आणि ती सगळी तांबूस तपकिरी, दाट, हाताला रंग लावणारी. वरून आलेलं पाणी इथे पोचून मंदावतं, पसरतं आणि वाहून आणलेलं लोखंड टाकून देतं. वरच्या मातीचं गेलेलं सगळं इथे येऊन बसलेलं. माझी कंबर मोडली होती, तळहाताला फोड आले होते, आणि तरी मी इतका खूश होतो की घाईताईच्या पाठीवर थाप मारली. "डोंगर पोखरून उंदीर नाही निघाला गं," मी म्हणालो, "हत्ती निघाला!"

शुक्रवारी बाईंच्या टेबलावर मी दोन ढेकळं ठेवली, एक राखाडी, एक तांबूस. घाईताईनं फोटो दाखवले. बाईंनी दोन्ही ढेकळं हातात घेऊन, चष्मा वर करून पाहिली. माणूस वाईट नाही, खुर्ची वाईट.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "नवे आकडे बरोबर. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीचे खड्डे डोंगराच्या दुसऱ्या बाजूला असणार. तिथे माती खोल असेल. तसं एका वाक्यात लिहून टाकू. जुनंही बरोबर, नवंही बरोबर."

"आणि हा कागद?"

"फाडून टाका."

मी फाडला नाही. बायकोला दाखवायला म्हणून घडी घालून खिशात ठेवला. जिंकलो होतो ना! तेवढ्यावर थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण मला कुठून बुद्धी झाली, म्हटलं जुने खड्डे कुठल्या बाजूला होते तेही नोंदवहीतून काढून देऊ, म्हणजे बाईंना कळेल की माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची नोंद असते.

तळघरातल्या कपाटातून एकोणीस वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. पान सापडलं. जागा : डोंगराची पूर्व बाजू, खडकाच्या पट्ट्यांलगत. तीच बाजू, तेच पट्टे. खाली चार ओळी निळ्या शाईत. त्यांवर लाल शाईनं काट मारलेली आणि शेजारी माझ्याच अक्षरात : 'गाठी उलट. क्रमांक बदलून घेतले.'

मी ते तीनदा वाचलं. मग कपाटाच्या खालच्या खणातून बाटल्या काढल्या. प्रत्येक नमुन्याची उरलेली माती आम्ही बाटलीत भरून ठेवतो आणि पिशवीची सुतळी बाटलीच्या गळ्याला बांधतो. पहिल्या बाटलीवर माझी चिठ्ठी होती : '१ – माथा'. आत तांबूस माती. चिठ्ठी मी सुतळीवरच चिकटवली होती. नखानं सोलून काढली आणि खालच्या गाठी मोजल्या. चार.

एकतीस वर्षांत एकदाच पिशव्या बदलल्या गेल्या होत्या, आणि त्या मी बदलल्या होत्या. जो एकटा माणूस खड्ड्यात उतरला होता, ज्यानं माती जागेवर पाहिली होती, तो सांगत होता की वर राखेसारखी आहे. मी पिशवी पाहून त्याला सांगत होतो की नाही. चाखून बघावं, हे सुचलं नाही. आणि माझ्या त्या उलट्या आकड्यांवर बाईंचा अहवाल उभा राहिला, आणि त्याच अहवालाच्या आधारानं परवा मला चोर ठरवत होते. कुणावर चिडावं तेच कळेना. जो सापडला तो मीच होतो.

कुणाला कळणार नव्हतं. बाईंनी वाट काढून दिलीच होती, 'दुसरी बाजू'. नोंदवही पुन्हा कपाटात ठेवली की झालं. खरं सांगतो, मी ती ठेवलीही. कुलूप लावलं. जिन्याच्या चार पायऱ्या चढलो. आणि तळहाताचे फोड असे झोंबायला लागले की परत उतरलो.

खिशातला कागद काढला. 'उतारावरील चार नमुन्यांची प्रयोगशाळेत अदलाबदल झाली आहे.' वाक्यात एक शब्दही बदलावा लागला नाही. तारखेच्या जागी मी एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख घातली, खाली लिहिलं, 'ही अदलाबदल मी केली. खणणाऱ्यानं आणलेल्या पिशव्या आणि गाठी बरोबर होत्या', आणि सही केली. आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला, पोच म्हणून एक प्रत घेतली. शिक्का पडला की कागद कुणाला गिळता येत नाही, हे एकतीस वर्षांत शिकलोय.

बाईंचा फोन मी रस्ता ओलांडेपर्यंतच आला. "वेड लागलंय का तुम्हाला? माझा अहवाल..." मी म्हणालो, "बाई, सोमवारी बोलू," आणि फोन ठेवला.

गाठीवाला फाटकापाशी लोखंडी खुर्चीत बसला होता. मला पाहून सवयीनं हसला आणि माझ्या आधी तोच म्हणाला, "मोजल्या साहेब, चार गाड्या."

मी खिशातलं राखाडी मातीचं ढेकूळ त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते पाहिलंही नाही. अंगठ्यानं चोळलं, वास घेतला.

"माथ्याची," तो म्हणाला. "खडकाजवळची. एक गाठ."

"हो. तुम्ही बरोबर होतात. गाठी बरोबर होत्या. मी उलट्या केल्या." एकोणीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो होतो, आणि ते दोघांनाही अवघड गेलं.

एक ट्रक आला. त्यानं उठून फाटक उघडलं, ट्रक आत घेतला, फाटक लावलं आणि परत येऊन बसला.

"मी घरी सांगितलं होतं की चूक माझीच," तो म्हणाला. "भांडून काय उपयोग? तुम्ही शिकलेले. बायको हसायची, म्हणायची, चारपर्यंत येईना तुम्हाला. तुमचंच वाक्य आलं होतं कुणाकडून तरी. ती गेली आता. पण घरात ते राहिलंच."

"मी लिहून दिलंय. हा बघा कागद." म्हणालो आणि जीभ चावली. त्याला वाचता कुठे येत होतं?

त्यानं कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग खिशातून फोन काढला.

"एक काम कराल, साहेब? माझ्या मुलीला हे वाचून दाखवा. नातीचा कान दुखतोय. डॉक्टरांनी औषध दिलंय, सकाळ-दुपार चार थेंब. मुलगी कामावर असते. मी घरी असलो तरी मला घालू देत नाही, शेजारणीला बोलावते. म्हणते, बाबा, तुमचं मोजण्यात चुकतं."

त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून थकलेला, घाईतला आवाज आला. "हां बाबा, बोला. बाबा? कोण बोलतंय?"

मी कागद डोळ्यांसमोर धरला. अक्षरं माझीच होती, तरी वाचता येईनात.

"कोण बोलतंय?" तिनं पुन्हा विचारलं.

"तुमच्या बाबांच्या पिशव्या ज्यानं बदलल्या," मी म्हणालो, "तो बोलतोय."